चिकूच्या खोक्यातून गेलेले स्फटिक खतखड्ड्यात शोधू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
नवतरू फळवाहतूक सहकारी संस्था,
घोलवड.

अर्जदार : अहिल्या प्रल्हाद सावे, रा. सरावली, ता. डहाणू.

विषय : कै. प्रल्हाद सावे यांचे खोके फळांचे नव्हते, अशी नोंद होऊन संस्थेचा खतखड्डा चाळण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : संस्थेचे दि. २९ जानेवारी २०१८ चे पत्र.

महोदय,

१. ज्या मंगळवारी अर्जदाराच्या वडिलांनी सदर खोके भरले, तो घरातला शेवटचा साधा दिवस होता. चहात साखर कमी म्हणून त्यांनी कुरकुर केली आणि ओट्यावर बसून खोके बांधायला घेतले. खोके चिकूचे होते. आपल्याकडून मुंबईला पापड जावोत की औषधे, ती चिकूच्याच खोक्यातून फळांच्या ट्रकवर जातात, हे आपणांस ठाऊक आहे. तळाशी कापसात, मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायचे त्यांचे स्फटिक होते, वर त्यांनी कच्चे चिकू रचले. कशाला म्हणून विचारल्यावर म्हणाले, "अगं, नुसते दगड पाठवले तर तिथली पोरं म्हणतील, डहाणूचा म्हातारा रिकाम्या हाताने आला." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. खोके सोडवून घ्या, असा फोन प्रयोगशाळेला तेच करणार होते. तो झाला नाही.

२. हे स्फटिक अतिसंवाहक होते. म्हणजे खूप गार केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. चुंबक जवळ आणला की त्याचे क्षेत्र बारीक धाग्यांनी आत शिरते आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा भोवरा फिरतो. या स्फटिकांत अभ्रकासारखे थर असल्याने भोवऱ्याच्याही थरागणिक चकत्या होतात, भाकरींच्या चवडीसारख्या. एखाद्या थरात दोष असला तर चकती तिथे अडून राहते. ती घसरली की वीज पुन्हा अडखळते. चुंबक तिरका धरल्यावर या चकत्या रांगा धरतात का, एवढेच वडिलांना पाहायचे होते. निवृत्तीनंतरची सगळी वर्षे त्यांनी महाविद्यालयाच्या जुन्या भट्टीपाशी हे स्फटिक बनवण्यात काढली. ते बरोबर होते की चूक, हे त्या स्फटिकांवाचून कोणालाही सांगता येणार नाही.

३. खोके न सोडवल्याने घोलवडला परत आले. तोवर वरचे चिकू नासले होते, म्हणून खोके न उपसता खतखड्ड्यात ओतले गेले. आपले लिपिक श्री. प्रवीण यांनी अर्जदारास सांगितले, "ताई, वर चिकू म्हणजे खाली पण चिकूच. आम्ही काय एकेक हुंगत बसायचं?" त्यांचा राग नाही. मात्र संस्थेच्या पत्रानुसार तक्रारीवर पाठवणाऱ्याने स्वतः हजर राहून सही करायची आहे. पाठवणारे वडीलच होते; त्यांच्या मृत्यूचा दाखला पूर्वी दिला होता, पुन्हा जोडला आहे.

४. तरी विनंती की, खड्डा चाळू द्यावा. खत बागांत गेले असल्यास बागांची नावे कळवावीत. अर्जदार प्रत्येक चिकूच्या बुंध्याशी जाईल. खतावर द्रवरूप नायट्रोजन ओतण्याचीही परवानगी असावी. त्या गारव्यात स्फटिकाचा शाबूत कपचा चुंबकाला मागे सारेल. एवढे महिने ओलीत पडलेला कपचा शाबूत नसतो, असे प्रयोगशाळेने कळवले आहे, हेही येथे नमूद करते.

५. अर्जदार तलासरीच्या शाळेत ग्रंथपाल आहे. वडिलांचे ऐकता यावे म्हणून तिने मिळतील ती पुस्तके वाचली. मागच्या शनिवारी ती खड्ड्याच्या कडेला गेली होती. आपला कामगार लाहू याने फावडे उचलून विचारले, "बोला ताई, कुठनं काढू?" खड्डा सगळीकडे सारखाच काळा होता. तिला बोट दाखवता आले नाही. त्याने फावडे खाली ठेवले आणि तो थांबून राहिला. तेव्हा अर्जदार त्याच्यासमोर, वडिलांना उद्देशून मोठ्याने म्हणाली, "अण्णा, मला तुमच्या भोवऱ्यांचं कधीच काही पडलं नव्हतं. तुम्ही बोलत राहावं, एवढंच हवं होतं."

आपली,
अहिल्या प्रल्हाद सावे
सरावली, दि. १२ फेब्रुवारी २०१८