या, पाहुणे

४ सप्टेंबर
टेकडीवरच्या खोलीत सामान लावलं. बायको गेल्यापासून घरात करमत नव्हतं. हे काम मिळालं ते बरं झालं. निळी नावाचं बोटभर फूल आता फक्त याच उतारावर उरलं आहे. ते शोधायचं, जपायचं. तिला ते एकदा पाहायचं होतं. राखणदार हसतमुख आहे. या, पाहुणे, म्हणत त्याने माझी पेटी उचलली. एवढ्या पुस्तकांनी टेकडी खचेल, म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसलो.

७ सप्टेंबर
निळीच्या रोपाला मी पांढरी पट्टी बांधतो, बाहेरून येऊन माजलेल्या झुडपाला लाल. लाल पट्टीवाल्याच्या बुंध्याशी राखणदार आधी भरपूर पाणी ओततो. माती सैल झाली की पहारीने मुळासकट उपटून कुंपणाच्या तारेवर उलटं टांगतो, मुळं आभाळाकडे. नाहीतर पुन्हा जीव धरतं.
रविवारी धाकटा भाऊ येतोय. आता माझं म्हणावं असा तोच एक. राखणदार म्हणाला, येऊ द्या, पाहुण्यांची सोय आहे आपल्याकडे.

१० सप्टेंबर
एक फोटोवाला निळीच्या ताटव्यात पालथा पडून फोटो काढत होता. रोपं चिरडली. मी रागावलो. राखणदाराने हसत त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. त्याला गंमत वाटली. मलाही.

११ सप्टेंबर
फोटोवाला कुंपणावर आहे. उलटा. टाचांतून तार आरपार. खाली चिखल आणि रक्त. त्याने माती घट्ट धरली असावी — बोटं मातीतच राहिली आहेत.
राखणदार पहार धूत होता. म्हणाला, हे पाहुणे फार चिवट. बाहेरून आलेलं ते सगळं पाहुणं, झुडूप काय, माणूस काय.
मला तो पहिल्या दिवसापासून —

शनिवार
पळालो. फाटकाशी पहार बसली. गुडघा फुटला, जबडा निखळला. मोबाइल तिथेच पडला. रांगत आत आलो, कडी लावली. त्याला घाई नाही.
मनगटाला लाल पट्टी आहे. कधी बांधली —

रविवार
दाराखालून पाणी येतंय. तो बादल्या ओततोय.

पाणी थांबलं. फाटक वाजलं. धाकटा. राखणदार हसत खाली चाललाय, खिशातून पट्टी काढत —
ओरडता येत नाही. हे पान खिडकीला लावतो.

धाकट्या मागे फिर
तो पाहुणे म्हणेल
हात पुढे करू नको
हात मागे घे हात —