जंगलाच्या फाटकावरची चूल

आई,

गेल्या मंगळवारी मी भरल्या सभागृहात तुझ्या खाणावळीबद्दल बोलले. तू होतीस तोवर मी तिचं नाव बाहेर कुणाजवळ काढलं नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये कुणी विचारलं तर तू 'हाउसवाइफ' असायचीस, आणि इकडे नागपूरच्या इतवारीतल्या आपल्या दोन खोल्यांत रोज चाळीस पानं वाढून माझी फी भरायचीस. मंगळवारी मी बोलले तेव्हा एका मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस. शुक्रवारी मला एका ठिकाणी जायचं आहे आणि त्याआधी जे घडलं ते कुणाला तरी खरंखुरं सांगायला हवं. जिवंत माणसांत तसं कुणी सापडलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

रामटेकच्या पुढे धानाची शेतं संपतात आणि सागवान सुरू होतं, तिथे जंगलात शिरायचं एक फाटक आहे. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. तुझ्या काळी तिकडे जंगलखात्याची माणसं आणि मोळीवाल्या बायका सोडून कुणी जात नसे. आता वाघ बघायला दिल्ली-मुंबईची आणि परदेशातली माणसं येतात. उजाडायच्या आत उघड्या जिप्सी गाड्यांची रांग लागते. त्या फाटकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये सात बायकांच्या बचत गटाचं स्वयंपाकघर आहे. गाइड, ड्रायव्हर आणि चार तास खड्ड्यांतून हिंडून भुकेजलेले पर्यटक तिथे पोहे खातात, झुणका-भाकर खातात, पाटवडीचा रस्सा खाऊन नाक पुसतात. तांदूळ गावचा. वांगी आणि दूध नाल्यापलीकडून, म्हणजे मध्य प्रदेशातून. सातांतल्या दोघी तिकडच्याच, रोज पहाटे नाला ओलांडून येणाऱ्या. गटाची अध्यक्ष पन्नाशीची आहे, पूर्वी दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची. मी पर्यटनाच्या कचेरीत नोकरीला असल्यापासून माझा नंबर तिच्याकडे आहे. महिन्यापूर्वी तिचा फोन आला.

"मॅडम, आमचं किचन बंद करून राहिले ना हे लोक. दारावर नोटीस चिकटवली."

"काहून?" मी विचारलं. रागावले की माझ्या तोंडून अजून तुझीच भाषा निघते.

"चुलीवर रांधता म्हणते. धूर होते म्हणते. अन् शिकल्याचं सर्टिफिकेट नाही म्हणते. पुढच्या महिन्याच्या आखरीले खाली करा."

"मग तिथे येणार कोण?"

"कंपनी येते ना, ते रिसॉर्टवाली. अन् मजा पाहा मॅडम, तिनं आपल्या लॉनवर चूल मांडली हाये. पाहुण्यायले फोटो काढाले! एक भाकर थापा, फोटो काढा, पैसे द्या. तिची चूल कल्चर, अन् आमची चूल घाण!"

मी दुसऱ्याच दिवशी बसनं रामटेक गाठलं आणि तिथून शेअर ऑटोनं फाटक. नोटीस वाचली. कुठल्याशा अटीचा क्रमांक होता, खाली सरकारी शिक्का. क्रमांकावरून नजर फिरवून मी थेट शिक्क्यापाशी गेले, कारण मला भांडायला माणूस हवा होता. सातही जणी माझ्याभोवती उभ्या होत्या. या शेडवर त्यांच्या घरातली शिक्षणं चालतात, एकीच्या नवऱ्याचं डायलिसिस चालतं. शेड गेली की पुन्हा दुसऱ्यांच्या बांधीत चिखलात वाकायचं, आणि तेही वर्षातले मोजके दिवस. "तुम्ही बोलान तं ऐकतीन ते," अध्यक्षबाई म्हणाली. मी बोलेन म्हटलं. बोलण्यात मी कधी कमी पडले नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

परतीच्या बसमध्ये तुझी खाणावळ डोळ्यांसमोर होती. बाबांचा हातमाग बंद पडला तेव्हा तू ज्या खोलीत माग होता तीच जेवणाची केलीस. जमिनीतला मागाचा खड्डा बुजवला नाहीस. त्यावर फळ्या टाकल्यास आणि आत कांदे-बटाटे भरलेस. छोट्या लाइनीची, नॅरोगेजची गाडी इतवारी स्टेशनात लागते आहे. छिंदवाड्याकडचे, बालाघाटकडचे दुकानदार पिशव्या घेऊन बाजारात शिरत आहेत, कापड बघत आहेत, भांडी वाजवून बघत आहेत, आणि एकच्या सुमारास आपल्या दारात चपलांचा ढीग पडतो आहे. पानं पुरेनाशी झाली की तू उरलेल्यांना समोरच्या खाणावळीत पाठवतेस, वर त्यांना आपल्या थाळ्याही उसन्या देतेस. मी चिडून विचारते, आपलं गिऱ्हाईक त्याला कशाला? आणि तू भाकरीवरचा हात न थांबवता म्हणतेस, "उपाशी फिरला तं पुढच्या खेपेले तो नागपूरलेच येणार नाही. जबलपूरले जाईन. मंग त्याचंही बसते, माहंही बसते अन् त्या कापडवाल्याचंही बसते." तीस वर्षं पर्यटनाच्या कचेरीत बसून मी जे अहवाल लिहिले, त्यांतल्या एकातही हे इतक्या थोडक्यात आलं नाही.

आणि तो पाण्याचा प्रसंग. मी नववीत. शाळेतून आले ती गणवेशातच, खोली भरलेली. एका जाड व्यापाऱ्यानं, "बेटी, जरा पानी देना," म्हटलं. मी त्याला इंग्रजीत सुनावलं की मी इथली नोकर नाही. त्याला ते कळलं नाही. बाकीच्यांना माझा सूर कळला आणि ते हसले. पाणी तू दिलंस. पानं उठल्यावर मला समोर बसवलंस. "तुले इंग्रजी शिकवून राहिली ते तहानलेल्या माणसाले बोलाले काय वं? अन् बोलली तं बोलली, पाणी काहून नाही देलं?" त्यानंतर महिनाभर पाणी वाढायचं काम माझं होतं. मी ते केलं, पण नाक मुरडून.

मंगळवारची सभा वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात होती. दोन्ही राज्यांचे अधिकारी, हॉटेलवाले, टूरवाले. नागपूरवरून निघून देऊळ, तलाव, जंगल करत मध्य प्रदेशात उतरायचं, असा एकत्र मार्ग आखायचा बेत. निवृत्त झालेल्यांना अशा सभांची निमंत्रणं शोभेसाठी येतात, तसं मला आलं होतं. मी अध्यक्षबाईला सोबत नेलं. दारावरच्या मुलीनं तिच्याकडे पास मागितला. मी म्हटलं, "ज्यांच्या विकासाची सभा आहे त्या या. आता तुमचा पास दाखवा." मुलगी बाजूला झाली. आत पडद्यावर वाघ होता आणि नागपूरपासून चारी दिशांना निघालेले बाण. 'सहकार्य' हा शब्द इतक्यांदा आला की मी मोजायचं सोडून दिलं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही दोन राज्यं बाणांनी जोडलीत. त्या फाटकावर ती रोज पहाटे एका पातेल्यात जोडली जातात, तांदूळ इकडचा आणि दूध तिकडचं, आणि त्याला तुमच्या कुणाचा करार लागला नाही. रिसॉर्टमध्ये तांदूळ बाहेरचा, आचारी बाहेरचे, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरची. मग गावाच्या वाट्याला काय, जिप्सींची धूळ?" कंपनीचा एक तरुण उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, वी रिस्पेक्ट लोकल कल्चर." मी म्हटलं, "दिसतंच आहे. मागे बसलेल्या या बाईंच्या दारावर नोटीस लावायला लावलीत." लोक हसले. अध्यक्षबाई मागच्या रांगेत ताठ बसली होती. आणि मग, आई, मला चेव आला. नोटिशीतल्या त्या अटीवर मी घसरले. म्हटलं, "ही अट ज्यानं कुणी लिहिली, त्यानं जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नसावा. चूल बंद करा एवढंच लिहिलं. पुढे त्या बायकांनी काय करायचं, हा विचारही या विद्वानाला शिवला नाही." टाळ्या पडल्या. चांगल्या मोठ्या पडल्या.

चहाच्या वेळी माझ्या जुन्या कचेरीतला एक जण जवळ आला. माझ्या हाताखाली कारकून होता, आता बराच वर गेला आहे. "मॅडम, एक मिनिट बाहेर येता का?" व्हरांड्यात त्यानं हातातली फाईल उघडली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. "रागावू नका. ही अट तुमचीच आहे. तुम्ही सांगितली, मी टाईप केली होती."

मी वाचते आहे. वाक्यं स्वच्छ आहेत. स्वल्पविराम जिथल्या तिथे. नन्सनी शिकवलेलं नीटनेटकं इंग्रजी, ज्याचा मला फार अभिमान. लाकडाच्या चुलीवर शिजवलेलं अन्न प्रवेशद्वाराच्या आवारात विकता येणार नाही. प्रमाणपत्र नसलेल्यांनी स्वयंपाक करू नये. खाली माझी सही. कंपनीनं ही अट जन्माला घातली नव्हती, नुसती शोधून काढली होती. आतून कपबश्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी माझ्याच भाषणाचं कौतुक करत होतं.

तो बिचारा माझी लाज राखायला बघत होता. म्हणाला, "साहेबांना सूट द्यायची आहे. फक्त आधार हवा. अट लिहिणाऱ्याचा हेतू बायकांची तब्येत जपणं हा होता, त्यांना उठवणं नव्हता, असं तुम्ही सभेत सांगितलं आणि नंतर लिहून दिलं, तर मी नोट मांडतो. धुराडं बसवून देऊ, प्रशिक्षण जागेवरच देऊ, नोटीस मागे." मग फाईल मिटून म्हणाला, "तसाच हेतू होता ना, मॅडम?"

मी आत गेले आणि माईक मागून घेतला. आधी कबूल केलं की मघाचा विद्वान म्हणजे मी. कुणी हसलं नाही. मग मी तुझ्याबद्दल बोलले. इतवारीतली खोली, चूल, धुरानं काळा पडलेला कोनाडा. वीस-बावीस वर्षं तो धूर तुझ्या छातीत गेला ते. शेवटच्या थंडीत तुला आडवं होता येत नव्हतं, तू भिंतीला उशी लावून बसून झोपायचीस आणि खोकल्याची उबळ ओसरली की आधी मलाच विचारायचीस, जेवलीस का. मी म्हटलं, आईचं ते मरण पाहिलं म्हणून मी ही अट लिहिली. या बायकांना धुरातून सोडवायचं होतं, शेडमधून नाही. माझा आवाज नेमका जिथे भरून यायला हवा तिथे भरून आला. साहेबांनी चष्मा पुसला तो तेव्हा. संध्याकाळच्या आत नोटीस मागे घेतल्याचं सांगण्यात आलं, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं कागदावर लिहून, सही करून, कचेरीत नेऊन दिलं.

सभा संपल्यावर अध्यक्षबाई ऑटोत माझा हात धरून बसली होती. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या मायचा एखादा फोटो असन ना घरी? किचनमधी लावतो आम्ही. तिच्यामुळं वाचलो." शुक्रवारी धुराडं बसतं आहे. नाल्यापलीकडच्या दोघी दुधाची खीर करणार आहेत. मला पहिलं पान.

आता खरं सांगते. ती अट लिहिली त्या दिवशी मी दिल्लीच्या एका पाहुण्याला घेऊन त्या फाटकावर गेले होते. मोठा माणूस, मोठं हॉटेल काढणार म्हणून खात्यानं त्याला हिंडवायला माझ्याकडे दिलेला. शेड तेव्हा नवीनच होती. याच अध्यक्षबाईनं धुरात डोळे चोळत आमच्यापुढे दोन थाळ्या ठेवल्या. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि इंग्रजीत मला विचारलं, इथे खरंच माणसं जेवतात का? त्याच्यासोबत मी हसले. थाळीला हात न लावता आम्ही उठलो. त्या माणसासमोर मला त्या चुलीची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या आल्या मी टाईप करायला सांगितलं. तुझा खोकला तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, आई. आला असता तर मी चूल बंद करा असं लिहिलं नसतं, धुराडं लिहिलं असतं.

तुझा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, तो मोठा करून आणला. काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, त्या बायकांना तर नाहीच. त्या फोटोला हार घालतील तेव्हा मी बाजूला उभी असेन, आणि गप्प बसेन.