काठोकाठ भरलेला कप

पळपुट्या झेंगहाओ,

तुझा कॉलेजातला नातू आज चाओझोऊ बघायला आला. जुना पूल, देवळं पाहून दुपारी माझ्या दारात. "आजी, इथल्या रीतीचा चहा पाजाल? आजोबांनी तुमचंच घर सांगितलंय."

आपल्या लग्नाच्या दिवशी तुला सापडलं नव्हतं, ते घर आता आठवलं होय? मी त्याचा कप काठोकाठ भरला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'ऊठ, चालता हो', पण शहरातल्या पोराला काय कळणार?

"केवढ्या प्रेमानं भरलात!" बोटं पोळली तरी हसला, आणि फोटो तुला पाठवला.

तुला बरोबर कळलं असेल. म्हणून हे पत्र टाकणार नाही. मी सांगतेय आणि माझी सून उगाच लिहून घेतेय.

दुसरा कप त्याला नीट, थोडा रिता ठेवून दिला. त्याचा फोटो मात्र काढू दिला नाही.

तुझी कुणीच नसलेली,
मेइचिन