शनिवारी घसरणारा पट्टा

शनिवार, २५ ऑक्टोबर १९५८

बडनेऱ्याच्या पुढे चार मैल गेलो आणि गाडी किंचाळली. पंख्याचा पट्टा कप्पीवरून घसरतो, ओरडतो, पंखा थांबतो, पाणी उकळतं. समोर नुसती वाफ. शेवटी बैलजोडी लावून घरी आणली. म्हणजे आत मी, हरिहर वकील, काळा कोट घालून स्टिअरिंग धरून बसलेला — आणि पुढे दोन बैल. त्यातला डावा सारखा मागे वळून माझ्याकडे बघत होता.

तिकडे अकोल्यात थोरले बंधू, दादा, वाट बघत बसले असणार. गोवर्धनसेठच्या मिलला कायमचा वकील हवा आहे. जागा मिळाली की अमरावती सोडायची, अकोल्यात बंगल्यात राहायचं, असं दादांनी ठरवलंय. दादांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. पण सेठ म्हणजे एक नमुना! दादा पत्रात लिहितात — आगगाडीनं येऊ नकोस, आगगाडीनं आलेला वकील सेठ जमेस धरत नाही. स्वतःच्या मोटारीनं ये आणि फाटकात हॉर्न वाजव. भेटतो फक्त शनिवारी. एक डिसेंबरला जागा भरणार.

कौशल्येनं चहा दिला. "नाही पोचलात?" एवढंच. बायकोला काय कळतंय यंत्रातलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पुंजाराम मेकॅनिकला बोलावलं. हा आधी वीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर. इंजिनाला कान लावून बराच वेळ ऐकलं. इंजिन बंद होतं. म्हणाला, "पट्टा थकते, वकीलसाहेब. जिनातला पट्टा आमी सुट्टीले उतरवून ठेवत होतो. आराम पायजे त्याले."

पटलं. पक्षकार थकतात, न्यायाधीश तर भर कोर्टात झोपतात. पट्ट्यानंच काय घोडं मारलंय? दर शुक्रवारी संध्याकाळी पट्टा उतरवायचा, शनिवारी सकाळी ताजातवाना चढवायचा.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पट्टा उतरवला. रबराला थंडी बाधते असं पुंजाराम म्हणतो, म्हणून उशीखाली ठेवला. कौशल्येनं नुसतं उशीकडे बघितलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

पट्ट्याला राळ चोपडली. जिनात हाच उपाय. लोणी गावापर्यंत गाडी सुंदर गेली, मग असं काही ओरडली की शेतातली माणसं उभी राहिली. पाणी ओतत ओतत बडनेऱ्यापर्यंत, पुढे बैल. तेच बैल.

"आज कुठवर?"

"लोणी."

"मागच्यापेक्षा पुढे गेलात की," कौशल्या म्हणाली आणि गुणगुणत आत गेली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नवा पट्टा आणला. शेजारच्या गोदाबाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या गाडीले नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून टाका." मी कायद्याचा पदवीधर माणूस. पण एक डिसेंबर जवळ येतोय. अंगणात दोन्ही हातांत पट्टा धरून उभा राहिलो, गोदाबाईंनी ओवाळून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही म्हणे, म्हणजे नजर जबर होती. कौशल्या पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, काळजीनं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कोर्टाच्या कोपऱ्यावरच ओरडली. अख्ख्या बाररूमनं पाहिलं.

खरं सांगायचं तर गाडी बंद पडली की जरा बरंच वाटतं. सेठसमोर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. हे वाक्य खोडून टाकायला हवं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पट्टा जास्त ताणून बसवला, वर एरंडेल. मूर्तिजापूर लांबून दिसलं. पोचलो नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दादांचं पत्र. "२९ शेवटचा शनिवार. नाही आलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

शनिवार, २२ नोव्हेंबर

बैलवाला आता बडनेऱ्याला आधीच येऊन थांबतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पुंजारामनं आज पहिल्यांदाच पट्टा सोडून कप्पीकडे पाहिलं. महिनाभर आम्ही पट्ट्याची सेवा केली, कप्पीची कोणी चौकशीच केली नव्हती! ती काढून त्यानं माझ्या हातात दिली.

"पाहा साहेब. जिनातला पट्टा चपटा रायते, हा खाचेत बसते. खाचेच्या दोन बाजू धरते, बुडाले टेकत नाही. अन् इथं बूड पाहा."

पाहिलं. बुडात माझं तोंड दिसलं. मिशीसकट.

"कोनी घासून घासून खाच रुंद केली याची. पट्टा बुडाले जाऊन टेकला, मंग धरन काय? अन् वरून तेल लावलं. हे एरंडेल नाई. वास घ्या."

खोबरेल! शिवाय खाचेच्या मागे चिंचेची शीर आणि एक चिंचोका अडकलेला. हा सरळसरळ घातपात आहे. संशय रविकांत वकिलावर. त्यालाही मिलची जागा हवी आहे, आणि तो डोक्याला खोबरेल थापतो. कप्पी मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवली आहे. चिंचोका वेगळ्या पाकिटात.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पुंजारामनं लेथवर नवी कप्पी करवून आणली. खाच नेमकी. नवा पट्टा, ना राळ, ना एरंडेल, ताण बेताचा — मधोमध अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच लवावा, बस्स. एकटाच मूर्तिजापूरला जाऊन परत आलो. एक आवाज नाही. इतकी शांतता की मी रस्ताभर गाडीशीच बोलत आलो. घरात शिरतानाही बोलणं चालूच होतं.

"आता नागपूर गाठा का अकोला," पुंजाराम म्हणतो.

मी उगाच बॉनेट पुन्हा उघडून पाहिलं. शनिवारी पोचणार तर!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारी कोर्टातून आलो तर टेबलावरचा मुद्देमाल गायब. रविकांत माझ्या घरापर्यंत पोचला! पोलिसात जायचं म्हणून मागच्या दारानं धावलो. परसात ओट्यावर भांडी उन्हात पालथी घातलेली. घंगाळ, तांब्या, समई, आणि समईशेजारी कप्पी. चांदीसारखी चमकत होती.

कौशल्या हात धूत होती.

"ही इथे कशी?"

"काळी पडली होती."

उलटतपासणी सुरू केली. माझ्यापुढे भलेभले साक्षीदार अर्धा दिवस टिकतात. हिनं दुसऱ्याच प्रश्नाला सगळं सांगितलं, तेही हात पुसत.

"दसऱ्याला पूजेसाठी तुम्ही पट्टा काढून धुवायला घेतला होता. सगळी भांडी घासली, तेव्हा हीही गाडीवरच घासली. चिंच, विटकरीची भुकटी. गंज चढू नये म्हणून वरून खोबरेलाचा हात. त्या शनिवारी तुम्ही अकोल्याला न पोचताच परत आलात. मग दर शुक्रवारी घासायला लागले. पट्टा तुम्ही उतरवूनच ठेवायचात."

"म्हणजे मुद्दाम?"

"पहिल्यांदा नाही."

"काहून पण?" माझ्या तोंडून शुद्ध भाषासुद्धा निघेना.

"गोदाबाईंशी एकोणीस वर्षं भिंतीवरून बोलतेय. अकोल्यात माझ्याशी कोण बोलणार? तुम्ही? तुम्ही तर गाडीशी बोलता."

राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. लाज वाटली. बंगल्यात माझं ऑफिस कुठे, पुस्तकांचं कपाट कुठे, गाडी कुठे, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. तुला यायचंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग तिथेच ओट्यावर भांड्यांच्या शेजारी बसलो. दिवेलागणीपर्यंत बोलत होतो. गोदाबाई दोनदा भिंतीवरून डोकावल्या आणि परत गेल्या. मला सेठची भीती वाटते, हे कौशल्येला सांगून टाकलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दर शनिवारी बैल सोडले की तुम्ही शीळ घालत घरात येता."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

संध्याकाळी पट्टा उतरवून उशीखाली ठेवला. बैलवाल्याला निरोप धाडला, उद्या बडनेऱ्याला थांब. चिंच मीच भिजत घातली.