हरकत नाही

सोमवार

पोचलो एकदाचा. पिवळी दुमजली इमारत, पुढे बाक, कुंड्या, पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार. उताराला कठडा आहे, घट्ट आहे, मी लोंबकळून पाहिलं. वृद्धांच्या निवासाची तपासणी करायला आलेला माणूस कठड्याला लोंबकळतोय हे बघून आचारी खिडकीतून हसला. मला वरची खोली दिलीय. गादी इतकी मऊ की गेल्या चार वर्षांत अशा गादीला पाठ लागलेली नाही. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा तर कांद्याच्या पोत्यांवर— ते जाऊ दे.

काम असं की आठ दिवस इथेच राहायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि खात्याचा चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म भरायचा. कंत्राटी नोकरी, शिक्षणाची फारशी अट नाही, फिरतीची तयारी हवी. फिरतीत आपला हात कोण धरणार? हे निवास खरं तर दुसऱ्या एका तपासनिसाच्या वाट्याला आलं होतं. त्याला माझे नवेकोरे बूट देऊन मी ते मागून घेतलं.

कारण पाच महिन्यांपूर्वी माझी आत्या इथे वारली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसून. शेवटी तिला मागच्या नऊ नंबरच्या खोलीत टाकलं होतं. बोलावण्याच्या घंटेची दोरी हाताला लागू नये म्हणून वर बांधलेली. एक अख्खी दुपार ती हाका मारत होती आणि कुणी गेलं नाही. इथली नोकरी सोडलेल्या एका आयाने मला हे सांगितलं, तेव्हाच ठरवलं. ह्या जागेला मी कुलूप लावणार, तेही मोठ्या बाईंच्या डोळ्यांदेखत. मोठ्या बाई म्हणजे इथल्या व्यवस्थापिका. मी कुणाचा कोण हे त्यांना ठाऊक नाही. मला त्यांनी स्वतः चहा ओतून दिला. मी दोन कप प्यायलो. वैर चहाशी नाही.

फॉर्मचे पहिले तीस प्रश्न चहा येईपर्यंत उरकले होते, सगळीकडे ‘हो’. कागद दिसला की न वाचता खुणा करत सुटायची माझी जुनी खोड. मुद्द्याचं सावकाश लिहू.

मंगळवार

सकाळी नळांच्या पाण्याचं तापमान घेतलं, औषधांच्या कपाटाची कुलपं बघितली. मग अर्धा तास आचाऱ्याकडून सुरीला धार कशी लावायची ते शिकत बसलो.

खालच्या हॉलमध्ये घंटांचा बोर्ड आहे. खाटेवरून दोरी ओढली की तो नंबर पेटतो आणि घरघरतो. बोर्डाखाली एक म्हातारी दिवसभर खुर्ची टाकून बसते. टेलिफोनवर नोकरी केलेली, म्हणून सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणतात. मला बघून ती म्हणाली की काय रे, रविवार सोडून आज मंगळवारी कसा उगवलास. मी म्हटलं, मी पहिल्यांदाच येतोय. तिने माझ्या डाव्या भुवईतल्या खाचेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, आमच्यापासून लपवतोस कशाला, तुझी आत्या सगळं सांगायची. दर रविवारी यायचास, केळी आणायचास, तिच्या पायांना तेल चोळायचास. आम्ही बाकीच्या जळायचो मेल्या तुझ्यावर.

मी इथे एकदाही आलेलो नाही. निघालो होतो एकदा, अर्ध्या वाटेवर कुणी तरी म्हणालं बंदरावर काम आहे.

भेटीला येणाऱ्यांची वही मागवली. तीन वर्षं, दर रविवारी: भाचा. आत, चार वाजता. बाहेर, सहा वाजता. बाकीच्या नोंदी पेनाने आहेत. ह्या निळ्या खडूने. कापडावर मापाच्या खुणा करायचा आत्याचा खडू.

बुधवार

इथल्या एका आयाने पट्ट्यांचं उलगडून सांगितलं. ज्याच्यामागे माणूस आहे त्याच्या खाटेला हिरवी पट्टी. पट्टीवाल्यांनी दोरी ओढली की धावायचं, कारण रविवारी कुणी तरी येऊन जाब विचारणार. ज्याला कुणी येत नाही त्याची पट्टी काढतात, मागच्या खोलीत हलवतात आणि उगाच ओढत बसतो म्हणून दोरी वर बांधतात. म्हणजे आत्या तीन वर्षं स्वतःच माझी हजेरी लावत होती. पट्टी राहावी म्हणून. मग उजवा हात गेला, खडू धरवेना, आणि पुढच्याच महिन्यात नऊ नंबर.

जेवताना मोठ्या बाईंना आडून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की बावीस म्हातारी आणि दोन आया, कुणाकडे आधी धावायचं ते तुम्हीच ठरवून द्या, मी तसं करते. मी फॉर्मवर ‘निर्दय’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तोंडाला इतकी चव आली की काय सांगू.

चार वाजून दहा मिनिटांनी बोर्डावर नऊ नंबर पेटला. मी मागे धावलो. खोली रिकामी, गादी गुंडाळलेली, दोरी छताजवळच्या हुकाला गाठ मारून. ऑपरेटरबाई म्हणाली की तिची हीच वेळ, तू आलास म्हणून लवकर थकणार नाही आता.

गुरुवार

आत्याची फाइल वाचली. शेवटून दुसरं पान. आपण निवासीच्या भेटीस येणार आहात का? नाही. निवासीस मागील खोलीत हलवण्यास आपली हरकत आहे का? नाही. खाली सही.

माझी.

आठवलं. पत्ते बदलत बदलत आलेलं पाकीट, बसचा स्टँड, गाडी सुटत होती, कंडक्टर शिव्या घालत होता. गुडघ्यावर कागद ठेवून सगळ्या ‘नाही’वर खुणा केल्या आणि पेटीत टाकलं. वाटलं, औषधांबद्दल काही विचारत असतील.

ते पान फाडलं आणि मागच्या अंगणात जाळलं. दोरी बाईंच्या हुकमावरून बांधली, मी नाही बांधली. कुलूप बाईंनाच लागलं पाहिजे. एका कागदापायी माझा बदला मी नासवणार नाही.

पान जळेपर्यंत आत नऊ नंबर घरघरत होता. कालसारखा थांबून थांबून नाही. एकसारखा.

शुक्रवार

जिन्यात डावा पाय दुमडला. कठड्याला धरलं म्हणून वाचलो. तपासलेला कठडा.

चहा आला तो चोचीच्या कपातून, अंथरुणात पडून प्यायचा असतो तसला. मी हसलो. आया हसली नाही, तिने माझ्या गळ्याशी रुमाल खोचला. मोठ्या बाई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारत होत्या की आज आपण अंघोळ केली का. आत्याचंही पहिल्यांदा डावं पाऊलच गेलं होतं. फाइलमध्ये आहे.

उशीवर निळी भुकटी.

वही बघितली. आजची नोंद खडूने: भाचा. आत, चार वाजता. बाहेर — रिकामं. आज शुक्रवार आहे. नोंद कुणी केली हे ऑपरेटरबाईला विचारलं. म्हणाली, जिला सवय आहे तिने.

शनिवार

फॉर्म गेला खड्ड्यात, निघायचं ठरवलं. भिंत धरून फाटकापर्यंत गेलो, तीस पावलांना अर्धा तास. राखणदार फार प्रेमाने बोलला. कुणी न्यायला आलं की सोडतो म्हणाला. मी खात्याचं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, आजोबा, इथे प्रत्येक जण कधी ना कधी साहेबच होता.

मी पंचवीस वर्षांचा आहे. इथे लिहून ठेवतो. पंचवीस.

परत आणलं, चाकाच्या खुर्चीतून. उतारावरून. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं — आत्या, फाइल, जाळलेलं पान. त्यांनी ऐकून घेतलं, औषध वाढवलं.

खाली दिवसभर मशीनचा आवाज. पायाने चालवायची शिवणाची मशीन. इथे मशीन नाही.

रविवार

भेटीचा दिवस. हॉलमध्ये माणसं, हसणं, पिशव्या. सगळ्यांच्या खाटांना हिरव्या पट्ट्या. माझ्या नाही.

ऑपरेटरबाईच्या हातापाया पडलो. वहीत माझ्यासाठी एक ओळ लिही, कुणी तरी आलं होतं म्हण. ती म्हणाली लिहिते की, नाव सांग. कोण येतं तुझ्याकडे?

चार वर्षांत कुणाला धड पत्ता दिला नाही. नाव सुचेना.

मग स्वतःच पेन घेतलं. खोटंच लिहिणार होतो. ‘मित्र’ एवढंच. उजवा हात वहीवर ठेवला तो तिथेच पडून राहिला. दुसऱ्याचा असल्यासारखा.

सहा वाजले. सगळे गेले.

सोमवार. डाव्या हाताने

नऊ नंबर. दोरी वर. गाठ दिसते. आत्याची गाठ — दुहेरी, शिवण संपवताना मारायची ती.

खाटेच्या पायथ्याशी निवासाचा फॉर्म अडकवलाय. निवासी: माझं नाव. नातेवाईक: आत्या. भेटीस येणार का — नाही. मागे हलवण्यास हरकत — नाही. दोन्ही खुणा निळ्या. सावकाश केलेल्या. वाचून.

उशाशी खात्याचाही फॉर्म. प्रश्न बावीस. घंटेची दोरी प्रत्येक खाटेवरून हाताला लागते का. हो. ती खूण माझी.

शेजारी दहा नंबरची खाट अंथरून ठेवलीय. पाटीवर नाव लिहून तयार. मोठ्या बाईंचं. बाई आत्ताच येऊन वाचून गेल्या. हसल्या, आयाला म्हणाल्या कुणी थट्टा केली. जाताना डावा पाय ओढत होत्या —

चार वाजले —

हाका मारतोय. आवाज हॉलपर्यंत जात नाही. ऑपरेटरबाई बोर्डाखाली बसलीय, मला ठाऊक आहे. ऐकतेय —

मशीन थांबली

पावलं

आत्या. केळी घेऊन आलीय. स्टुलावर बसली, मांडीवर वही. माझ्याकडे बघत नाही. म्हटलं आत्या चुकलं, वाचलं नाही गं मी, तेवढी दोरी सोड. तिने खडूचं टोक जिभेला लावलं, माझी ओळ शोधली, आणि ‘बाहेर’च्या रकान्यात वेळ लि