रिकाम्या गेरातला दिवा

३ सप्टेंबर
काम काय, तर आत बसायचं! बाहेर वाळूत पाहुणे कॅमेरे रोवून आभाळाचे फोटो काढतात. फोटोत खाली एक गेर लागतं, आमचं लोकरीच्या नमद्याचं गोल तंबूघर, आतून पिवळं उजळलेलं. म्हणून हे रिकामं उभं केलंय. नमदा कोरा करकरीत, आत ना चूल, ना पेटी, ना अंथरूण. मी आणि दिवा. शारवदादा, आमचा मालक, लांबून वॉकीटॉकीवर सांगतो — लाव, विझव, हलू नकोस, सावली पडते.

५ सप्टेंबर
गेर फिरवून घेतलं. आकाशगंगा दक्षिणेला, म्हणून दार उत्तरेला — दोन्ही एकाच फोटोत यायला हवीत. मी म्हटलं, आपल्यात घराचं दार दक्षिणेलाच असतं. दादा म्हणाला, "तू काय इथं संसार मांडणार आहेस?" सगळे हसले. मीही.

६ सप्टेंबर
झोप नाही.

९ सप्टेंबर
एका पाहुणीनं फोटो दाखवला. मी आत असतो, आभाळ मला दिसतच नाही. छपरावर आकाशगंगा उभी — आई तिला आभाळाची शिवण म्हणते — आणि खाली पिवळं घर. थेट आमचं वाटलं. तिकडे उत्तरेला, हुवसगुलला, लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या छपराच्या झरोक्यातून चांदण्या दिसायच्या. बाबा बाहेर मेंढ्यांजवळ खोकायचे. चुलीत गोवरी तडकायची. आणि त्याच घराला कंटाळून मी एवढ्या लांब गोबीत आलो.

१४ सप्टेंबर
काल रात्री दारात एक म्हातारी. उंटीण शोधता शोधता अंधार पडला, लांब उजेड दिसला म्हणून चालत आली. दक्षिणेला दार सापडेना, गेरला अख्खा वळसा घातला. तिकडे दादाच्या शिव्या — फोटोत कोण शिरलं म्हणून. ती आत येऊन बसली. चहाची वाट बघत. मग हळूहळू चारी बाजूंना पाहिलं.
"पोरा, दिवा आहे आणि चूल नाही? कुणाचं रे हे घर?"
कुणाचंच नाही आजी, एवढंच सुचलं. बाटलीतलं गार पाणी दिलं. दोन घोट घेऊन उठली. थांब म्हणावं तर अंथरायला काही नाही. एवढ्या थंडीत कुठं गेली असेल?

१५ सप्टेंबर
दादाकडे चूल मागितली. म्हणाला, धुरानं तारे पुसट येतात.

१६ सप्टेंबर
ठरलं. परवा ट्रक जातोय, त्यातून घरी. दादा म्हणाला, "जा जा, आईचं दूध प्यायला." राग आला नाही. पहिल्या बर्फाच्या आत पोचलो म्हणजे झालं.

१८ सप्टेंबर
वाटेत टेकडीवर रेंज मिळाली. आईला म्हटलं, येतोय, माझी खाट मोकळी कर. ती म्हणाली, बाबांचे गुडघे गेले, उन्हाळ्यातच आम्ही गावात थोरल्याकडे राहायला आलो. तू चिडशील म्हणून बोलले नाही.
"आणि गेर?"
"विकलं रे. पाहुणे आणतात ना, त्या लोकांनी नेलं. रात्री आत दिवा लावून फोटो काढतात म्हणे."