पत्र्यावर टाकायचा दात

प्रिय माय,

"दूधना दात शेतस बेटा, त्या काय मुक्कामले उनात?" माझ्या पिंकीची दाढ किडली तेव्हा तू असं दुधाच्या दातांना पाहुणे ठरवलंस आणि आम्ही सगळे हसलो. तुला जाऊन वर्ष होत आलं. आज ते वाक्य अंगावर आलं, म्हणून लिहिते आहे.

तुझी नात दवाखान्यात आहे, माय. त्या दाढेमुळे हृदयाला झालं! ऐकलंस का असं कधी?

ताप जात नव्हता. आपल्या पांडेसऱ्याच्या वस्तीत ताप म्हटला की मलेरिया, दुसरं नाव कुणी घेतच नाही. गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. पोरगी वाळत चालली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती बराच वेळ ऐकली आणि म्हणाल्या, "बेन, इसका मुँह खोलो."

मला वाटलं, बाईंचं चुकतंय. "छातीचं बघा ना, जन्मापासून हृदयात छिद्र आहे तिला."

"वही देख रही हूँ."

किडलेल्या दाढेतले जंतू रक्तात गेले आणि त्या छिद्रापाशी जाऊन बसले. एवढंसं छिद्र, ज्याला सगळे 'भरून येईल' म्हणायचे! अशा मुलांचे दात फार जपायचे असतात म्हणे, काढतानाही आधी औषध द्यायचं असतं. आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? मी अजून तिच्या गालावर हात ठेवते, मग छातीवर. कुठे दाढ, कुठे हृदय!

दाढ किडली तेव्हाच ती काढायला निघालो होतो, तर तू दारात आडवी बसलीस. "पडू दे आपोआप. ओढेल दात पत्रावर चालस नही." ओढून काढलेला दात पत्र्यावर चालत नाही, हा तुझा नियम. आपोआप पडलेला दात तू पदराने पुसायचीस, घराच्या पत्र्यावर फेकायचीस, टण् वाजलं की पिंकी टाळ्या पिटायची. नातीसाठी धुळ्याहून येऊन राहिलेली तू, दाढेत लवंग दाबून तिचा गाल मांडीवर घेऊन बसलीस. तुझ्यावर रागवू तरी कशी? आणि न रागवता राहू कशी?

उद्या ती दाढ काढणार आहेत. शिरेतून औषध चालूच आहे. "अभी तो ठीक है," एवढंच बाई म्हणाल्या. मी त्या 'अभी'पाशीच अडकले आहे. आणि पिंकीची चिंता वेगळीच! "मम्मी, मारो दात मने जोइए, माझा मलाच हवा. आजीसारखा पत्र्यावर टाकायचा."

तिला वचन दिलंय, तुलाही देते. तिला घरी आणीन, खांद्यावर उचलीन, दात तीच फेकेल. आणि यापुढे तिच्या तोंडातल्या एकाही दाताला पाहुणा समजणार नाही.

एकच मागते. हा दात ओढलेला असेल, किडलेला असेल, तुझ्या नियमात बसणार नाही. तरी एवढा एक चालवून घे ना, माय. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला.

तुझी,
शालू